वन्संचं पुस्तक का खपत नाही

ता. ९ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्या ‘गुरूंच्या छोट्या गोष्टीं’ची तिसरी आवृत्ती निघाल्याचं बंधुराजांनी फोनवर सांगितलं. मला आनंद झाला. हे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिलं आहे, त्यावरून तो किती झाला असेल ते तुला कळेल. कालपासून पोटात दुखतंय, आणि ते काही खाण्यातलं नाही हे समजण्याइतकी अक्कल मला अजून आहे.

तुझ्या पुस्तकात हरिण बोलतं, विहीर बोलते, गुरू त्यांना शहाणपण शिकवतात. माझ्या पुस्तकात कोणी प्राणी बोलत नाही, इथेच माझं चुकलं. उभी हयात मी हस्तलिखितांच्या ग्रंथालयात घालवली. त्याच गुरूंच्या मठातल्या पदांच्या जुन्या प्रती भिंगाखाली धरून डोळ्यांची वाट लावून घेतली. पदाच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव येतं, तिथला कागद निम्म्याहून जास्त पदांत खरवडलेला आहे आणि वर दुसऱ्या शाईने गुरूंचं नाव घातलेलं आहे. एका प्रतीत खरवडायचं राहून गेलं. तिथे ‘गुरूंची भावजय’ असं स्वच्छ लिहिलं आहे. ती पदं त्या बाईची आहेत. हे मी आरडाओरडा करून सांगितलं नाही, पानापानाला पुरावा जोडून सांगितलं आहे.

प्रकाशकांचं तर तुला माहीतच आहे. पहिले म्हणाले, मठाचं संमतिपत्र आणा. दुसरे म्हणाले, संमतिपत्र नको, पण पुस्तकाचं नाव ‘मठाची लबाडी’ असं ठेवा, मग बघू. तिसऱ्यांनी विचारलं, आपण कोणत्या विद्यापीठात असता? शेवटी मीच छापलं आणि ‘पदं कोणाची?’ असं साधं नाव दिलं. आता ते गठ्ठे माझ्या खोलीत आहेत. एका गठ्ठ्यावर मी जेवते, दुसऱ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते.

मला एवढंच सांग, तुमच्या दुकानाच्या काचेत तुझं हरिण दिमाखात उभं असताना माझं पुस्तक कुठे आहे? बंधुराजांना विचारलं तर त्यांना नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक येतं. तू खरं सांगशील म्हणून तुला विचारते.

बाळंतपणाला लेकीकडे कधी जाणार ते कळव. लोभ आहेच, सध्या थोडा आंबला आहे इतकंच.

तुझी,
वन्सं

*

ता. १७ जानेवारी

ती. स्व. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी आधी फोडलं, वाचलं, पुन्हा चिकटवलं आणि माझ्या हातात देताना चेहरा असा केला की जणू पोस्टमनने ते आत्ताच आणून दिलंय. तेव्हा ह्यांच्याबद्दल लिहाल ते जपून लिहा, किंवा मुद्दाम लिहा.

खरं सांगते, रागावू नका. तुमचं पुस्तक पाठीमागच्या खोलीच्या दाराशी, नकाशांच्या खाली आहे. आधी ते धर्माच्या कपाटात ठेवलं होतं. मठात जाणारे एक गृहस्थ आले, त्यांनी ते उलटं करून ठेवलं आणि गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, पुन्हा उलटं केलं. मग इतिहासाच्या कपाटात हलवलं, तर तिथे लढाया शोधणारी माणसं येतात, पदांकडे ती बघतही नाहीत. मठाच्या विरोधातली मंडळीही येऊन गेली. मोठ्या हौसेने चाळलं त्यांनी. गुरूंना कुठे शिवी दिलेली नाही, उलट आदरच आहे, हे पाहून त्यांची तोंडं उतरली. पुस्तक उघडायच्या आधी प्रत्येक जण एकच विचारतो, बाई कोणत्या बाजूच्या? मी म्हणते, पुराव्याच्या. त्यावर कोणी खिशात हात घालत नाही.

वितरकाला तुमचं एकच पुस्तक न्यायला परवडत नाही, त्याला मोठ्या प्रकाशकाची अख्खी यादी लागते. वर्तमानपत्राचे लोक म्हणतात, स्वतः छापलेल्या पुस्तकावर आम्ही लिहीत नाही. वाचनालयाच्या खरेदी समितीचे अध्यक्ष मठाचे विश्वस्त आहेत. आणि काचेचं म्हणाल तर आपल्या दुकानाची जागा ज्यांची, ते मालक रोज मठात जातात, त्यांची आई वरच्याच मजल्यावर राहते. ह्यांची छाती होत नाही. मलाही त्यांना दोष देववत नाही, भाडेकरूची छाती तेवढीच असते.

तरी घेणारे आहेत, वन्सं. ते दुकान रिकामं व्हायची वाट बघतात, खालच्या आवाजात मागतात आणि कागदात गुंडाळून द्या म्हणतात. हे पाहून मला एक गोष्ट सुचली आहे. जमली तर सांगेन.

बाळंतपणाला मार्चअखेर जायचं ठरतंय. प्रकृतीला जपा, गठ्ठ्यावर जेवू नका, पाठ धरेल. आहे तेवढा लोभ आंबट का होईना, असू द्यावा.

आपली,
धाकटी

*

ता. २० फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

बंधुराजांचा फोन आला आणि मी खुर्चीतून उठलेच. म्हणाले, आक्का, एक गठ्ठा पाठव, इथल्या प्रती संपल्या. कशा संपल्या विचारलं तर म्हणाले, वरच्या मजल्यावरच्या बायका नेतात, तुझी भावजय लिहील काय ते. त्यांना पुन्हा गिऱ्हाईक आलं.

मी एकाऐवजी दोन गठ्ठे पाठवले आहेत. जेवायचा गठ्ठा गेला, आता मी ताट मांडीवर घेऊन जेवते आणि मला त्याचं काहीही वाटत नाही. जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. खालच्या शिंपिणीला सांगितलं, तिने विचारलं की कशाबद्दल आहे पुस्तक, आणि मी तिचा अर्धा तास खाल्ला. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या पुस्तकांची सूची केली, कोणी किती छापली, कोणाची संपली हे कार्डावर लिहीत आले. प्रत्येक कार्डाचा हेवा केला. आज पहिल्यांदा कोणाचा हेवा वाटला नाही. तुझाही नाही, हे लिहून ठेव.

पण सविस्तर कळव. त्या बायका कोण? त्यांना काय आवडलं? खरवडलेल्या शाईचं प्रकरण त्यांना समजलं का? ते मीच चार वेळा लिहून काढलं होतं. आणि हो, आता काचेचं बघा. संपणारं पुस्तक नकाशांखाली ठेवत नाहीत.

तुझ्या हरणाला माझा नमस्कार. लोभ आता एकदम ताजा आहे, तसाच राहील असं काहीतरी लिही.

तुझी,
वन्सं

*

ता. २८ फेब्रुवारी

ती. स्व. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

ताजा लोभ आता किती टिकेल ठाऊक नाही, पण लिहिल्यावाचून गत्यंतर नाही.

मला सुचलेली गोष्ट अशी. माझ्या गोष्टींच्या पुस्तकाची वेष्टनं छापखान्याने जास्त छापली होती. तुमचं आणि माझं पुस्तक एकाच छापखान्यात, एकाच मापाने कापलेलं. म्हटलं, लोकांना गुंडाळूनच हवंय तर तुमच्या पुस्तकाला माझं वेष्टन घालून देऊ. हातात हरिण दिसेल, आत तुम्ही असाल. लाजणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी तशा प्रती करून मी पाठीमागे ठेवल्या. ह्यांना सांगायचं राहिलं. ह्यांनी त्या पाहिल्या, माझंच पुस्तक चुकून मागे गेलंय असं वाटून नीट उचलून पुढच्या मेजावर रचल्या.

त्याच सुमारास मालकांच्या आईंनी निरोप धाडला की संध्याकाळी आम्ही काही बायका बसतो, तुझ्या छोट्या गोष्टी वाचून दाखव. मी मेजावरची एक प्रत काखोटीला मारली आणि वर गेले. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. चष्मा लावून पुस्तक उघडलं तर आत तुम्ही. वन्सं, मी घामाघूम झाले. गोष्टी मला तोंडपाठ आहेत, त्या सांगता आल्या असत्या. पण त्या घटकेला एकही आठवेना. सगळ्या माझ्याकडे बघतायत. मग समोर होतं ते वाचायला लागले. गुरूंच्या घरातली ती सकाळ, चुलीपाशी बसून भावजय पद जुळवते आणि धगीने तिची भुवई करपते, ते पान.

वाचून थांबले. मालकांच्या आई म्हणाल्या, उद्या ये. मी दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. खरवडलेल्या शाईचं प्रकरण त्यांना समजलं, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एक जण भांडली, की गुरू असं करणार नाहीत. दुसरी म्हणाली, गुरूंनी कुठे केलंय, मागाहून शिष्यांनी केलं असेल. तुमच्या सातव्या प्रकरणात तेच आहे, ते तिने न वाचता सांगितलं. एक बाई डोळे पुसत होती. मग प्रत्येकीला घरी ठेवायला प्रत हवी झाली, तेव्हा ह्यांनाही सगळं सांगावं लागलं.

आता अवघड भाग. त्या सगळ्यांना वाटतं, हे मी लिहिलंय. वेष्टनावर माझं नाव आहे ना. आतल्या पानावर तुमचं आहे, पण आतलं पान कोण बघतं? एकीने पाहिलं, तिला वाटलं मी पुस्तक नणंदेला अर्पण केलंय. नणंदेवर एवढी माया करणारी भावजय पाहिली नाही, असं म्हणून तिने माझ्या गालांवरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला.

सांगायला तोंड उघडते आणि मिटते. त्यातल्या निम्म्या जणींनी तुमचं नाव मठात ऐकलंय, ती बाई म्हणजे तोंड न बघण्यासारखी, असं. नाव कळलं तर त्या ऐकायच्या थांबतील. तुम्ही म्हणाल तसं करते. लोभाबद्दल यावेळी काही मागत नाही.

आपली,
धाकटी

*

ता. ५ मार्च

सौ. धाकटीस,
आ.

बाकीचे आशीर्वाद तूर्त राखून ठेवते आहे.

तुझं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, मग शिंपिणीकडे जाऊन काहीतरी शिवायला टाकून आले, कारण घरात बसवेना. तिने विचारलं, पुस्तक कसं चाललंय. मी म्हटलं, छान.

तुला माहीत आहे का, मला सगळ्यात जास्त कशाने जाळलं? खपल्याने नाही. पैशाने तर नाहीच. त्या बाईने तुझ्या गालांवरून हात फिरवला, त्याने. तो हात माझा होता. ती भुवई करपल्याची ओळ एका फाटक्या पानावरून जुळवायला मला एक हिवाळा लागला. ती वाचून डोळे पुसणारी बाई मला बघायची होती, आणि ती तू बघितलीस. भांडणारी बाईसुद्धा तुलाच मिळाली. माझ्याशी आजवर कोणी धड भांडलंही नाही गं, नुसतं पुस्तक उलटं करून ठेवलं.

एका भावजयीचं नाव खरवडलं म्हणून मी पुस्तक लिहिलं. आता दुसऱ्या भावजयीने माझं नाव झाकून तिचा सूड घेतला, असं कोणी म्हटलं तर मला हसूही येईल. आज येत नाही.

तू मला विचारतेस काय करू. विचार करणाऱ्या बाईने म्हणावं, नाव जाऊ दे, मजकूर पोचला ना. काल संध्याकाळी मी तसं पत्र लिहिलंही होतं. फार थोर पत्र होतं. वाचून माझीच मला किळस आली, फाडून टाकलं. मी थोर नाही. मला माझं नाव हवं आहे. त्यांनी ऐकायचं थांबवलं तरी चालेल, नकाशांखाली पडून राहिलं तरी चालेल, पण माझं म्हणून पडून राहू दे.

तेव्हा वर जा, वेष्टन काढ आणि सांग. आवाज न उतरवता सांग. मालकांनी काही म्हटलं तर बंधुराजांना सांग की आक्काने करायला लावलं, नाहीतरी लहानपणापासून ते तेच सांगत आले आहेत.

लोभाचं उत्तर आल्यावर बघू.

वन्सं

*

ता. १६ मार्च

ती. स्व. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं.

सगळ्या बसल्यावर वेष्टन काढून हातात धरलं आणि म्हटलं, हे पुस्तक माझ्या वन्संनी लिहिलंय, माझं फक्त वरचं चित्र. तुमचं नाव घेतलं, पूर्ण घेतलं. आधी कोणाला कळेना. मग ती गालांवरून हात फिरवणारी बाई उठली, चपला घालून निघून गेली. तिच्यामागून आणखी काही जणी गेल्या. भांडणारी मात्र बसून राहिली. तिचं म्हणणं, भांडण अर्धवट टाकून जायची तिला सवय नाही. मालकांच्या आई म्हणाल्या, पुढे वाच, प्रकरण संपलेलं नाही.

मालक दुसऱ्या दिवशी खाली आले. ह्यांचा चेहरा पांढराफटक. आईशी बोलणं झालेलं दिसलं, कारण आवाज फार चढवला नाही. काचेत नको, आत कुठेही ठेवा, आणि ते हरणाचं सोंग बंद करा, असं म्हणून गेले. तुमचं पुस्तक आता मधल्या कपाटात आहे, स्वतःच्या कपड्यांत. या आठवड्यात एकही प्रत गेली नाही. एक परत आली.

आता माझं ऐका. तुम्ही जळलात ते लिहिलंत, मीही लिहिते. माझ्या गोष्टी मुलं ऐकतात, झोपतात. त्यासाठीच असतात त्या. तिसरी आवृत्ती निघते ती मुलांच्या झोपेवर. वर जाऊन मी वाचायला लागले आणि बायका जाग्या झाल्या, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. घरी आल्यावर स्वयंपाक करताना मी ती पानं मनात पुन्हा म्हणायचे, जणू मीच लिहिलीत. तुम्हाला लिहायला आठ-दहा दिवस उशीर झाला तो भीतीने नाही. मला ते सोडवत नव्हतं. माझ्या हरणाचा हेवा तुम्हाला, तुमच्या शाईचा मला. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, तुम्हा दोघींचा हेवा मला वाटतो, मला तर नुसती पुस्तकं पुसायची असतात.

लेकीकडून बोलावणं आलं आहे, मी परवा निघते. इथलं दुकान आणि ह्यांचं जेवण बघायला कोणी हवं. तुम्ही या. राहिलेल्या बायकांना पुढची प्रकरणं ऐकायची आहेत, आणि आता ती तुम्हीच वाचायला हवीत. डाळ-तांदळाचे डबे नावं लावून ठेवले आहेत. झाकणं बदलू नका.

रागातून उरेल तेवढा लोभ मला द्या.

आपली,
धाकटी

*

ता. ८ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अनेकानेक उत्तम आशीर्वाद, मागचे राखून ठेवलेलेही यात धरावे.

नात झाल्याचं कळलं. बंधुराज दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. मुलीच्या नाकाबद्दल तू लिहिलंस ते आमच्या घरचं नाक आहे, वाढत्या वयात त्रास देईल.

तुझ्या स्वयंपाकघराबद्दल मी काही बोलणार नाही. एवढंच की इतके स्वच्छ डबे पाहून माणसाला राग येतो.

वर जाऊन आले. मालकांच्या आईंनी मला समोर बसवलं, आणि माझं नाव त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. पूर्ण नाव. इतक्या वर्षांत माझं नाव असं कोणी घेतलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला फार गोड वाटलं.

मग मी वाचायला लागले. धाकटे, मी तुझ्यासारखी वाचत नाही. मी सूची वाचावी तशी वाचते. तळटीप आली की तीही वाचते, कारण ती तिथे उगाच दिलेली नाही. तिसऱ्या तळटिपेला कोपऱ्यातली बाई पेंगली. भांडणारी म्हणाली, आकडे नकोत, मुद्द्यावर या. मी म्हटलं आकडेच मुद्दा आहेत. थोडं भांडलो. मला ते आवडलं, पण बाकीच्यांना कंटाळा आला.

काल वाचून झाल्यावर एक जण हळूच म्हणाली, त्या भावजयीचं नाव काय होतं? नाव नाही सापडलं. आयुष्यभर शोधलं, कुठेही नाही, जिथे खरवडायचं राहिलं तिथेही ‘भावजय’ एवढंच आहे. तसं सांगितलं. ती बाई म्हणाली, मग तुम्ही तुमचं मागून घेतलंत ते बरं केलंत. मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं आणि मी ते लपवलं नाही.

खाली यायला निघाले तर मालकांच्या आईंनी जिन्याशी गाठलं. म्हणाल्या, पुस्तक तुमचं हे आता आम्ही कोणी विसरणार नाही. पण वाचायला तिला बोलवा, ती वाचते तेव्हा ती भावजय समोर दिसते.

अंगाचा तिळपापड झाला. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर तुझ्या नावाने बोटं मोडली. रात्री आमटी करपली, बंधुराजांनी मुकाट्याने खाल्ली. सकाळी उठून मी पुढच्या प्रकरणातल्या तळटिपांवर पेन्सिलीने खुणा केल्या, कोणत्या गाळायच्या आणि कोणत्या गाळायच्या नाहीत. मला वाटलं होतं नाव मिळालं की जळणं थांबेल. ते काही थांबत नाही, असं दिसतं.

बाळबाळंतीण ठीक झाल्या की तू ये. मी इथेच थांबते. तू वाच, मी शेजारी बसेन. न गाळलेली टीप आली की तू थांबायचं, ती मी सांगेन, आणि कोणी पेंगलं तरी सांगेन. दुसऱ्याच्या आवाजातलं माझं पुस्तक ऐकून मला रोज जळायचं आहे, तेव्हा लवकर ये. मालकांच्या आईंना मी तसं कबूल करून आले आहे.

लोभ कसला, हेवाच आहे, पण तो घरातल्या घरात राहावा ही इच्छा.

तुझी,
वन्सं